डहाळ्या की डॉवेल? ओंडक्यांच्या छोट्या घराची निवड

मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर ओंडक्यांचे घर तयार किटमधून न जुळवता स्वतःच्या हाताने उभे करायचे ठरले, की खरा प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे ओंडके कशाचे करायचे. छप्पर, दार, खिडक्या किंवा धुरांडे बिघडले तर ते काढून पुन्हा बसवता येते. ओंडके मात्र कोपऱ्यांत एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे निवड चुकल्याचे सातव्या थराला लक्षात आले तर खालचे सहा थर उकलण्यावाचून गत्यंतर नसते. मी एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, अशी दोन घरे बांधली आहेत. पहिले बाजारात मिळणाऱ्या डॉवेलचे, म्हणजे यंत्रावर केलेल्या गोल लाकडी काड्यांचे आहे आणि दुसरे झुडपाच्या वाळवलेल्या डहाळ्यांचे. दोन्ही आजही मांडणीवर उभी आहेत आणि दोन्हींची मला लाज वाटत नाही. तरीही तिसरे बांधायला बसेन तेव्हा हात कशाकडे जाईल, हे मला आताच ठाऊक आहे.

डॉवेलच्या बाजूने बोलायचे तर सुरुवात त्याच्या एकसारखेपणापासून करावी लागेल. दहा इंच जाडीचा ओंडका एचओमध्ये जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो, आणि ३ मिलिमीटरचे डॉवेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३ मिलिमीटरचेच असते. सोळा बाय वीस फुटांचे घर या प्रमाणात सुमारे ५६ बाय ७० मिलिमीटरचे भरते. एवढ्याशा पायावर आठ-नऊ थर चढवताना समोरासमोरच्या भिंती समान उंचीच्या राहाव्यात म्हणून डॉवेलवाल्याला वेगळे काही करावे लागत नाही. सगळे तुकडे एकाच मापाच्या ठोकळ्याला टेकवून कापावेत, गोल कानशीने ठरलेल्या अंतरावर खाचा पाडाव्यात आणि रचत जावे, एवढाच त्याचा उद्योग. माझे पहिले घर तीन संध्याकाळींत भिंतींच्या माथ्यापर्यंत पोहोचले होते आणि त्यावर छप्पर ठेवले तेव्हा ते एकाही कोपऱ्यावर डुगडुगले नाही. डहाळ्यांच्या घराबाबत असे म्हणण्याची सोय नाही.

काही ठिकाणी तर डॉवेल हाच योग्य पर्याय ठरतो. आपल्या मांडणीचा काळ अलीकडचा असेल आणि घर पर्यटकांसाठी बांधलेले असेल, तर आजची अशी बरीच घरे यंत्रावर एकाच जाडीत तासलेल्या ओंडक्यांची असतात. तिथे वेड्यावाकड्या डहाळ्या लावणे म्हणजे वास्तवापासून दूर जाणे होईल. एन प्रमाणात, १:१६० मध्ये, तोच दहा इंची ओंडका १.६ मिलिमीटरवर येतो आणि एवढी बारीक, सरळ, बिनडोळ्याची (म्हणजे बिनगाठीची) डहाळी शोधत हिंडण्यापेक्षा गोल दातकोरणी वापरलेली बरी, असे मलाही वाटते. दातकोरणी साधारण २ मिलिमीटरची, म्हणजे एनमध्ये फूटभर जाडीचा ओंडका झाला; तो जरा दांडगा दिसतो, पण खपून जातो.

मग माझे मन डॉवेलवरून का उडाले? त्याला कारण कोपरा.

ओंडक्यांच्या घराचा जीव कोपऱ्यात असतो. सगळ्यात सोप्या पद्धतीत वरच्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला अर्धगोल खाच पाडून तो खालच्या आडव्या ओंडक्यावर घोड्यावरच्या खोगिरासारखा बसवतात. खाच खालच्या अंगालाच का, तर वरच्या अंगाला पाडली तर तिच्यात पावसाचे पाणी साचून लाकूड कुजते. एका भिंतीचा थर शेजारच्या भिंतीपेक्षा अर्ध्या जाडीने वर असतो, म्हणून थर एकमेकांना नीट भिडायचे असतील तर खाच जवळजवळ अर्ध्या जाडीइतकी खोल जाते. तीन मिलिमीटरच्या डॉवेलमध्ये खाचेच्या वर दीड मिलिमीटर लाकूड उरते आणि त्याच्या पुढे चार-पाच मिलिमीटरचे टोक भिंतीबाहेर लोंबत राहते. त्या दीड मिलिमीटरवर सगळा भार.

आता डॉवेल कसे तयार होते ते आठवावे. फळीतून चौकोनी पट्टी कापतात आणि ती गोल पात्यातून ढकलतात. लाकडाचे तंतू त्या पट्टीत कसे धावत आहेत, याची यंत्राला फिकीर नसते. त्यामुळे बाहेरून अगदी सरळ दिसणाऱ्या काडीच्या आत तंतू तिरपे जाऊन एका बाजूने बाहेर पडलेले असू शकतात. अखंड काडीत हा दोष लपून राहतो. पण अर्धी जाडी कापून काढली आणि उरलेल्या अर्ध्या भागातले तंतू नेमके तिथेच तिरपे असले, की टोक हातात येते. कानस मागे घेताना येते, गोंद लावून दाबताना येते, आणि सगळ्यात संताप आणणारा प्रकार म्हणजे भिंत पूर्ण झाल्यावर टोके एका रेषेत आणण्यासाठी करवत लावली की तेव्हाही येते. मी नोंद ठेवली नाही. पण बटणांच्या एका लहान डबीत तुटकी टोके टाकत गेलो होतो आणि घर पूर्ण झाले तेव्हा तिचे झाकण लागत नव्हते.

यावर उपाय नाहीत असे नाही. काडी उजेडात धरून तंतूंची दिशा पाहावी आणि तिरपी निघेल ती बाजूला टाकावी. मी तसे करू लागलो तेव्हा पुडक्यातल्या निम्म्याहून अधिक काड्या बाजूला जाऊ लागल्या. खाच पाडण्याआधी त्या जागी पातळ सुपरग्लूचा थेंब मुरवावा, म्हणजे लाकूड घट्ट होते. पण जिथे सुपरग्लू मुरला तिथे नंतर रंग मुरत नाही, आणि प्रत्येक कोपऱ्यावर फिकट चट्ट्यांची उभी रांग उमटते. आधी रंग देऊन मग थेंब सोडला, तर तो भाग काचेसारखा चकाकतो. प्रत्येक उपायाने एक नवे काम निर्माण केले, आणि माझ्यापेक्षा धीराचा माणूस कदाचित ती सगळी कामे हसतमुखाने करीलही. मला जमले नाही.

दुसरी तक्रार त्यामानाने लहान, पण तीही त्याच टोकांची आहे. नऊ थरांच्या घरात चारही भिंती मिळून सत्तरएक टोके उघडी दिसतात. झाड कापल्यावर ओंडक्याच्या तोंडावर मध्यबिंदूभोवतीची वर्तुळे दिसायला हवीत. डॉवेल फळीतून आलेले असल्यामुळे त्याच्या तोंडावर समांतर रेघा दिसतात. शिवाय आडव्या कापलेल्या तोंडातून रंग खोल शोषला जातो आणि ते काळेठिक्कर पडते. मी बारीक कुंचल्याने एकेक तोंड फिकट रंगवून त्यात गडद ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर भिंतीच्या कोपऱ्यांतून सत्तर डोळे माझ्याकडे टक लावून बघत होते. ते पुन्हा धुऊन काढले. डहाळीच्या तोंडाला यातले काही करावे लागत नाही: मधोमध गाभ्याचा ठिपका, भोवती लाकूड आणि कडेला सालीची काळपट रेघ. गाभा प्रमाणापेक्षा जरा मोठा असतो, हे मान्य आहे, परंतु निर्जीव दिसत नाही.

डहाळीत खाच टिकते, याचेही कारण उघड आहे. तिचे तंतू ती वाढली तसे लांबीने धावतात. कोणी त्यांना फळीतून कापून काढलेले नसते. दुसऱ्या घरात माझी दोन टोके तुटली, आणि दोन्ही वेळा खाच डोळ्यावर, म्हणजे पान किंवा फुटवा निघतो त्या गाठीवर, आली होती. ती चूक माझी होती.

असे असले तरी डहाळ्या म्हणजे सगळा आनंदीआनंद आहे, असा समज करून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिले दुखणे वाळवण्याचे. लाकूड वाळताना लांबीने जवळजवळ आक्रसत नाही, जाडीने मात्र आक्रसते. खऱ्या ओंडक्यांची घरेसुद्धा यामुळे बांधल्यानंतर खाली बसतात आणि जाणता सुतार दाराखिडक्यांच्या चौकटीवर त्यासाठी मोकळी जागा ठेवतो. मी पहिल्या जुडीला पंधरा दिवस सावलीत ठेवले आणि तेवढे पुरेल असे समजलो. भिंती उभ्या राहिल्या, दरजा भरल्या, सगळे झकास दिसत होते. दोन महिन्यांनी खोलीतला दिवा मालवून घरातला छोटा एलईडी लावला, तेव्हा ओंडका आणि दरजेतला लेप यांच्यामधून केसाएवढ्या उजेडाच्या रेघा थेट छपरापर्यंत चढलेल्या दिसल्या. आतून काळा कागद चिकटवून ती वेळ मारून नेली. आता मी डहाळ्या दोरीने सैल बांधून किमान तीन महिने वाऱ्यावर ठेवतो आणि वापरण्याआधी मंद ओव्हनमध्ये तापवतो, म्हणजे आतली कीड असलीच तर तीही जाते.

दुसरे दुखणे निमुळतेपणाचे. डहाळीला बुंधा असतो आणि शेंडा असतो, आणि सहा-सात सेंटिमीटरच्या तुकड्यातही तो फरक कानशीखाली जाणवतो. सगळे बुंधे एकाच बाजूला आले तर भिंत पंख्यासारखी उघडत जाते. यावरचा उपाय खऱ्या घरे बांधणाऱ्यांचाच आहे: एका थरात बुंधा डावीकडे आणि पुढच्या थरात उजवीकडे. दर दोन थरांनंतर चारही कोपऱ्यांची उंची ताडून पाहावी आणि कमी भरणाऱ्या कोपऱ्यासाठी जुडीतून जाड तुकडा निवडावा. यात वेळ जातो, हे खरेच. माझ्या भिंतींना तीनऐवजी आठ-नऊ संध्याकाळी लागल्या आणि माथ्याचा शेवटचा थर तरीही सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर हलकेच घासून सम करावा लागला. मात्र हा वेळ निवडण्यात आणि जुळवण्यात जातो, तुटलेले पुन्हा करण्यात जात नाही. आणि या दोन प्रकारच्या वेळांत मनाला फार मोठा फरक पडतो.

सालीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती मला उशिरा कळली. झाड वाढीच्या भरात असताना कापलेल्या डहाळीची साल ओली असतानाच नखाने सरसर निघते. झाड विश्रांतीत, बिनपानाचे असताना कापली तर तीच साल लाकडाला घट्ट धरून राहते. म्हणून सालीसकट भिंत हवी असेल तर एका हंगामात कापावी आणि सोललेली हवी असेल तर दुसऱ्या. माझा कल सोललेल्या डहाळीकडे आहे. सालीखाली ओल आणि कीड राहते म्हणून जुने बांधणारेही पुष्कळदा ओंडके सोलून घेत. शिवाय डहाळीच्या सालीवरची बारीक रंध्रे १:८७ मध्ये बशीएवढ्या खवल्यांसारखी दिसतात आणि डोळ्यांना खटकतात. सोललेल्या डहाळीवर स्पिरिटमध्ये चार थेंब काळी शाई मिसळून केलेला पातळ हात फिरवला, की ती अशी रुपेरी करडी होते की पुढे रंगाचे काही करावेसे वाटत नाही. हा हात जोडणीच्या आधी द्यावा, कारण पांढरा गोंद एकदा तंतूंत शिरला की तिथे शाई धरत नाही. हा नियम डॉवेललाही लागू आहे. डॉवेलला मात्र रंगाआधी बारीक दात्यांच्या करवतीचे पाते लांबीने ओढून खरखरीतपणा आणावा लागतो आणि त्यावर उठणारी लव पुन्हा घासून काढावी लागते.

बांबूच्या काड्या आणि प्लॅस्टिकच्या सळ्या यांचाही विचार लोक करतात. बांबू तुटत नाही, पण कानशीला दाद देत नाही आणि रंग पिता पीत नाही. प्लॅस्टिक सुबक जुळते, पण लाकडाचे घर प्लॅस्टिकवर लाकूड रंगवून करायचे, हे माझ्या गळी उतरले नाही. चौकोनी तासलेल्या ओंडक्यांचे घर करायचे असेल, तर हा सगळा वाद गैरलागू आहे. सरळ चौकोनी पट्ट्या घ्याव्यात.

राहता राहिला प्रश्न आपल्यासाठी काय योग्य, याचा. घर मांडणीच्या मागच्या कडेला, हातभर अंतरावर, झाडांआड येणार असेल, तर माझ्या मते डॉवेल घ्यावे आणि उरलेला वेळ झाडांना द्यावा; माझे पहिले घर आता तिथेच आहे आणि आजवर एकाही पाहुण्याने त्याच्या टोकांबद्दल विचारलेले नाही. काडेपेटीएवढे छप्पर नीट बसायलाच हवे, ठरलेल्या तारखेआधी काम संपायलाच हवे, अशी अट असेल तरीही डॉवेलच. परंतु घर रुळांच्या पुढ्यात, फलाटाशेजारी, नजरेच्या उंचीवर येणार असेल आणि आपल्या मांडणीचा काळ वसाहतवाल्यांचा असेल, तर थोडे थांबावे असे सुचवेन. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली जमीन मिळवायची तर तिथे पाच वर्षे राहून ती कसावी लागे. हाताशी कुऱ्हाड आणि समोर जंगल असलेला माणूस अशा वेळी एकाच जाडीचे ओंडके निवडत बसला नसणार. त्याच्या भिंती जरा उंचसखल असणारच, आणि तो उंचसखलपणा डहाळ्या न सांगता आणतात. ओ प्रमाणात, १:४८ मध्ये, ओंडका ५ मिलिमीटरच्या पुढे जातो, तेव्हा तर डॉवेलचा विचार मी करणारच नाही.

शंका असल्यास दोन्हींचा एकेक कोपरा करून पाहावा, तीन थरांचा पुरे. खाच पूर्ण अर्ध्या जाडीची पाडावी, गोंद वाळू द्यावा आणि मग बाहेरचे टोक अंगठ्याने हलकेच खाली दाबावे. माझी तिसऱ्या घराची जुडी मागच्या महिन्यात कापून, सोलून खिडकीच्या वर टांगली आहे. तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावली आहे, कारण या वेळी पंधरा दिवसांनी मोह होणार, हे मला माहीत आहे.