जोडतारे पाहायला घेतलेली सहा इंची दुर्बीण, वर्षभर वापरून

भिशी लागली तेव्हा सगळ्याजणींनी विचारलं, आता काय, पाटल्या का? मी म्हटलं, दुर्बीण. आमचे हे दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ठेवणार कुठं?" मी समजले, होकार आहे.

वाईत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. खूळ डोक्यात शिरलं ते तिथल्या कापायच्या टेबलावर. टेबलाच्या वर एक ट्यूब आणि मागच्या भिंतीवर दुसरी. कात्री धरली की कापडावर तिच्या दोन सावल्या पडतात आणि खडूची रेघ नेमकी त्यांच्यात हरवते. एकदा भाचा बसला होता, साताऱ्याला बी.एस्सी. करतो. म्हणाला, "आत्या, दोन सूर्य असलेला ग्रह सापडलाय, तिथं सगळ्यांचंच असं होत असणार." केप्लर-16. 2011 साली जाहीर झालेला, 245 प्रकाशवर्षांवरचा. मला तो बघायचाच होता. भाच्यानं हात जोडले. ग्रह घरगुती दुर्बिणीतून दिसायचा नाही म्हणाला, पण त्याचे सूर्य दिसतील, आणि दोन-दोन सूर्यांच्या जोड्या तर आकाशात खच्चून भरल्यात.

म्हणून हा रिव्ह्यू शनीच्या कड्यांचा नाही. कडी दिसतात, झकास दिसतात, ते सगळीकडे लिहिलेलं आहे. मी दुर्बीण जोडताऱ्यांवर पारखली. ब्लाउज चांगला शिवलाय का हे गळा बघून कळत नाही, आतून उलटा करून शिवण बघावी लागते. जोडतारा ही दुर्बिणीची शिवण आहे.

वस्तू अशी: 150 मिलिमीटरचा आरसा, 1200 मिलिमीटर नाभीय अंतर, फिरत्या बेसवर ठेवलेली नळी. याला डॉब्सोनियन म्हणतात. सोबत 25 आणि 10 मिलिमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), म्हणजे 48 पट आणि 120 पट. नळी ताऱ्यावर रोखायला एक लाल ठिपक्याचा फाइंडर. सगळं मिळून सोळा-सतरा किलो. मला 38,500 रुपयांना पडली. मोटर नाही, ॲप नाही, हातानं ढकलायची. मशीनचं चाक हातानं फिरवायची सवय असलेल्या बाईला हे अजिबात जड गेलं नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण मिटलंय. खोकं आलं तेव्हा बेसच्या एका फळीचा कोपरा उडालेला होता आणि आतला छोटा आरसा स्क्रूवर डुगडुगत होता. पहिल्या रात्री तारा बघितला तर धूमकेतूसारखी शेपूट. फोन केला. तिकडून विचारलं, "मॅडम, चंद्र दिसतोय ना?" दिसतोय म्हटलं. "मग बरोबर आहे." अहो, चंद्र काय, तो साध्या डोळ्यांनीही दिसतो! तीन फोननंतर फळी बदलून आली. आरसे मात्र मीच सरळ केले. नळीच्या मागं तीन स्क्रू असतात, ते पाव-पाव वळसा फिरवून तारा पुन्हा गोल होईपर्यंत बघत राहायचं. बॉबिनचा ताण लावण्यासारखंच काम आहे, घाई केली की गेलं. पहिल्यांदा दीड तास लागला, आता पाच मिनिटं.

पहिली परीक्षा वसिष्ठ-अरुंधतीची. लग्नात भटजी वर बोट करतात आणि नवरी मान डोलावते, तेच. माझ्या लग्नात मला अरुंधती दिसली नव्हती, मी खोटंच हो म्हटलं होतं. आता 48 पटीत वसिष्ठ आणि अरुंधती दोघं ऐसपैस लांब लांब, आणि मधूनच लक्षात आलं की एकटा वसिष्ठच दोन आहे. दोघांत 14 सेकंदांचं अंतर. हे सेकंद घड्याळाचे नव्हेत, कोनाचे. भाच्यानं हिशेब करून दिला: शर्टाचं 11 मिलिमीटरचं बटण 160 मीटरवरून बघितलं तर एवढं दिसेल. 1617 च्या सुमारास गॅलिलिओ आणि त्याचा शिष्य कास्टेल्ली यांनी ही जोडी पाहिली, दुर्बिणीतून उलगडलेली पहिली जोडी तीच समजतात. पुढं 1889-90 मध्ये वर्णपटावरून कळलं की त्या दोघांतला तेजस्वी तारासुद्धा जोडी आहे. आता अरुंधती धरून सहा तारे मोजतात. वसिष्ठांचं घर एकत्र कुटुंबातलं निघालं.

सिंह राशीत मघेच्या वर अल्जीबा आहे. इथं 120 पट लावावी लागली. दोन पिवळसर दाणे, मध्ये साडेचार-पाच सेकंदांची फट. या जोडीतल्या मोठ्या ताऱ्याभोवती गुरूच्या निदान आठपट वस्तुमानाचा ग्रह फिरतो असं 2010 च्या सुमारास कोरियन खगोलज्ञांनी दाखवलं, फेरी 429 दिवसांची. म्हणजे ग्रह एकाच ताऱ्याच्या घरचा, दुसरा तारा शेजारी. केप्लर-16 चं तसं नाही, तिथं ग्रह दोघांनाही बाहेरून फेरी घालतो. मला हा फरक फार उशिरा कळला. वृषपर्वा तारकासमूहातला गॅमा तारा अल्जीबाच्याच जातीचा. तिथल्या ग्रहाचा संशय 1988 साली आलेला, म्हणजे सूर्यमालेबाहेरचे ग्रह मिळायला लागले त्याच्याही आधी, आणि खात्री व्हायला 2003 उजाडलं. हा गॅमा तारा मी डिसेंबरात उत्तरेला बघितला. साध्या डोळ्यांना दिसतो, दुर्बिणीत नारिंगी ठिपका. त्याचा जोडीदार या आकाराच्या आरशात सुटत नाही, उगाच प्रयत्न करू नका.

रंगांच्या बाबतीत मात्र दुर्बिणीला पूर्ण मार्क. साडीला दोरा मॅच करताना माझी नजर अर्ध्या शेडला अडते, त्यामुळे मला कुणी "निळा दिसतो" म्हणून गंडवू शकत नाही. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ: एक हळदीचा, एक फिकट आकाशी. फोकस किंचित ढिला केला की दोन्ही ठिपके चकतीएवढे होतात आणि रंग आणखी खुलतो. तीन गिऱ्हाइकांना गच्चीवर नेऊन दाखवलाय. एकीनं तसाच कॉम्बिनेशनचा ब्लाउज मागितला.

पुढची पायरी अभिजितजवळचा एप्सिलॉन नावाचा तारा. साध्या डोळ्यांना एक, दोन डोळ्यांची साधी दुर्बीण धरली तर दोन, आणि या नळीतून चार. दोन्ही जोड्यांतली फट सव्वादोन सेकंदांच्या आसपास. 120 पटीत चिकटलेले भाताचे दाणे. मग 900 रुपयांचं, पट दुप्पट करणारं बार्लो भिंग आणलं आणि 240 पटीवर, मे महिन्यात पहाटे, हवा एकदम गप्प असताना, दोन्ही जोड्या सुटल्या. इतर रात्री इस्त्रीवरच्या हवेसारखं सगळं लवलवतं. तो दुर्बिणीचा दोष नाही. एक मात्र सांभाळा, नळी बाहेर काढल्यावर 40 मिनिटं तशीच सोडा. घरातला गरम आरसा निवत नाही तोवर कुठलीच जोडी सुटत नाही.

नरतुरंगातला मित्र, म्हणजे आपल्या सर्वांत जवळची जोडी, 4.37 प्रकाशवर्षं, वाईतून डोंगराआड जातो. आपल्याकडून तो जेमतेम 11 अंश वर चढतो. मे महिन्यात पाचगणीच्या वर ओळखीच्यांच्या शेतात नळी नेली. दोन्ही तारे सुटले, पण लाल-हिरव्या किनारी लावून उकळत होते. पुढं 2025 च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की वेब अवकाश दुर्बिणीला त्यातल्या मोठ्या ताऱ्याजवळ ग्रहासारखं काही दिसलंय, अजून पक्कं नाही. आमच्या ह्यांनी पेपर पुढं करून विचारलं, "तुला दिसलं होतं का?"

आता मूळ काम, केप्लर-16. दिवाळीचा सीझन संपला, भाऊबीजेला माहेरी गेले. जावळी तालुक्यात गाव आहे, आकाश अजून काळं असतं. दादाच्या पिकअपमध्ये नळी गोधडीत गुंडाळून नेली. चंद्रकोर लवकर मावळते, म्हणून तीच रात्र. अंगणातला दिवा दादानं घालवला, पण पोलवरचा ग्रामपंचायतीचा दिवा घालवता येईना. शेवटी काळ्या अस्तराचं दोन मीटर कापड डोक्यावरून घेऊन आयपीसला डोळा लावला. वहिनी म्हणाली, "वन्सं, जुन्या फोटोवाल्यासारख्या दिसताय."

हंसाच्या पंखाच्या टोकाला कप्पा नावाचा तारा आहे. तिथून दक्षिणेला दीड अंशापेक्षा थोडं जास्त, म्हणजे 25 च्या आयपीसची दीड चौकट. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं म्हणून छापलेला नकाशा उलटा धरून ठिपक्याला ठिपका जुळवत गेले. पन्नास मिनिटं. इथं फाइंडरनं नुसता वैताग दिला. लाल ठिपका एवढा प्रखर की बारीक तारे त्यातच बुडतात, सगळ्यात कमी करूनही. मग 10 चा आयपीस लावला, नजर थोडी बाजूला ठेवली, आणि बाराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा फिकट) आसपासचा एक ठिपका आला. गेला. परत आला. तेवढाच. दोन नाहीत, एकच. ते दोघं एकमेकांच्या इतके जवळ आहेत, बुध सूर्यापासून असतो त्याहूनही जवळ, की कुठल्याच गच्चीवरून सुटायचे नाहीत. 41 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह दोघांभोवती 229 दिवसांत. केप्लर नावाच्या अवकाश दुर्बिणीनं हे सगळं प्रकाशाच्या चढउतारावरून ओळखलं: तारे एकमेकांना झाकतात तेव्हाची घट वेगळी, आणि ग्रह पुढून जातो तेव्हाची बारीक घट वेगळी, तीही दर वेळी जरा मागंपुढं, कारण तारे जागा बदलून बसलेले असतात. ग्रहाची कक्षा हळूहळू कलते, त्यामुळे 2018 पासून तो आपल्या नजरेसमोरून जायचा थांबलाय, 2042 च्या आसपास परत येईल. दरम्यान फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेनं ताऱ्यांच्या डुलण्यावरून तो जागेवर असल्याची खात्री केली.

सावल्यांचं म्हणाल तर माझी फसगत झाली होती. केप्लर-16 मधला मोठा तारा नारिंगी, छोटा लाल आणि इतका मंद की दोघांच्या उजेडात त्याचा वाटा शंभरात दीडेक. दुकानात करून बघितलं. मागची ट्यूब बंद, तिथं झिरोचा बल्ब. कात्रीची दुसरी सावली डोळे बारीक करून शोधावी लागली. आणि ग्रह शनीएवढा वायूचा गोळा, उभं राहायला जमीनच नाही. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "आत्या, मी उदाहरण दिलं होतं."

माझे पैसे त्या एका ठिपक्यावर वसूल झाले, पण तुमचे होतीलच असं नाही. मुलांना चंद्र-शनी दाखवायचा असेल तर याच्या निम्म्या किमतीत चालेल असं मिळतं. जोडतारे बघायचे असतील तर आठ इंचीच्या मागं लागू नका. आठ इंची जास्त फिकट तारे दाखवेल, पण ती जिना चढवताना कंबर धरते, आणि सहा इंची फट पाऊण सेकंदापर्यंत सोडवू शकते. आपल्याकडची हवा तेवढं सोडवू देत नाही, ती गोष्ट वेगळी.

तक्रारी तीन. फाइंडर बदला, मी नंतर 8×50 चा, म्हणजे आठ पट दाखवणारा 50 मिलिमीटर भिंगाचा, लावला. 10 चा आयपीस साधा आहे, कडेला तारे ताणले जातात, मधोमध धरलं तर ठीक. आणि बेस. तो भुशाच्या दाबीव फळीचा असतो, लाकडाचा नव्हे. आमच्या जुलैनं एका बाजूची कड फुगवली आणि फिरताना करकर वाजायला लागली. कडांना रेक्झिन चिकटवून घ्या, पावसाळ्याच्या आधी. आरशासाठी नळीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुरशी लागली की आरसा गेलाच समजा.

सोबत कव्हर येत नाही, मी शिवलं. कुणाला शिवायचं असेल तर माझ्या नळीचा घेर 22.5 इंच, लांबी 46.5. ताडपत्री नको, आत घाम धरते. जाड कॅनव्हास घ्या, आतून सुती अस्तर. शिवणीला एक इंच सोडा, फोकसरपाशी चार इंचांची जादा चुणी घाला, नाहीतर तिथं अडकतं. तोंडाला नाडी घाला. चेन लावू नका, मी आधी लावली होती आणि नळीवर तिचा लांबलचक ओरखडा आहे.