चार गाड्यांचं ‘फुल’ पॅकेज आणि साडेअकरा हजारांचा चुना

घरात दोन-तीन गाड्या असतील आणि कुणी "सगळ्यांचा इन्शुरन्स एकत्र करून देतो, स्वस्तात बसतंय" म्हणत दारात आला, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमच्या भागात हा प्रकार एकट्या माझ्याशी झालेला नाही, हे पोलीस ठाण्यात गेल्यावर कळलं.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. बुलेट 350, पल्सर 150 आणि ॲक्टिव्हा माझ्या नावावर, स्प्लेंडर वडिलांच्या. एजंट ओळखीचाच, गल्लीतल्या निम्म्या गाड्यांचं काम तोच बघायचा. म्हणाला, "मालक, चार गाड्या म्हंजे चार तारखा, चार कटकटी. एकदाच साडेअकरा हजार द्या. चारी गाड्यांना फुल इन्शुरन्स, वर कुठंबी बंद पडली तर उचलून आणायची सोय." हे अगदीच हवेतलं वाटलं नाही, कारण एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून ‘फ्लोटर’ म्हणजे एकच सामाईक विमा द्यायला विमा नियामकाने (आयआरडीएआय) जुलै 2022 मध्ये परवानगी दिलेली आहे. पण एकाच मालकाच्या! वडिलांची स्प्लेंडर त्यात बसतच नव्हती, आणि हा गडी तिलाही त्याच पॅकेजमध्ये कोंबत होता.

पैसे भरताना "कंपनीचं सर्व्हर डाऊन हाय, टाका की माझ्या नंबरवर, मी भरतो. कशाला टेन्शन घेताव?" संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चार पीडीएफ आल्या, दुसऱ्या दिवशी गाडी उचलून आणायच्या सोयीची चार चकचकीत प्लॅस्टिक कार्डं.

पहिल्यांदा कार्डाचा पोकळपणा कळला. धाकटा भाऊ नळदुर्गहून रात्री पल्सरवर येत होता, बोरामणीच्या अलीकडे क्लच प्लेट गेली. कार्डावरचा नंबर बराच वेळ उचलला नाही. उचलला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, कार्ड ॲक्टिव्हेट नाही, आणि असतं तरी सेवा महापालिका हद्दीपुरती. त्याने धाब्यावरचा एक छोटा हत्ती ठरवून बाराशे रुपये मोजले आणि गाडी घरी आणली. एजंटाला फोन केला तर "दादा, सिस्टीमला अपडेट व्हायला वेळ लागतंय." आम्ही त्याला शिव्या घालून विषय सोडला. कार्ड ही फुकटात मिळालेली गोष्ट, खरा विमा तर हातात आहे, अशी समजूत.

मग विजापूर रोडला एका रिक्षाने बुलेटला कट मारला. मला खरचटण्यावर निभावलं, पण पुढचा फोर्क वाकला, हेडलाइट फुटला, टाकीला हा एवढा पोचा. शोरूमला गाडी लावली, क्लेम टाकायला सांगितला. काउंटरवरच्या मॅडमनी पॉलिसी नंबर टाकला आणि म्हणाल्या, "सर, पॉलिसी चालू आहे. पण ही फक्त थर्ड पार्टी आहे. ओडी नाहीये यात." थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, ओडी म्हणजे ‘ओन डॅमेज’, आपल्याच गाडीचं नुकसान. मी मोबाइलमधली पीडीएफ पुढे केली, त्यात ‘ओन डॅमेज’ची ओळ ठसठशीत होती. त्यांनी ती मोठी करून दाखवली. त्या ओळीतले आकडे बाकीच्यांपेक्षा किंचित जाड होते, रकान्याच्या रेषेवरून थोडे बाहेर आलेले. खालचा क्यूआर कोड मात्र त्या भामट्याने तसाच ठेवला होता. तो स्कॅन केल्यावर मूळ पॉलिसी उघडली. एकूण प्रीमियम 1,612 रुपये.

दुचाकीच्या थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. जून 2022 च्या दरांप्रमाणे 75 ते 150 सीसीला 714 रुपये, 150 ते 350 ला 1,366, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे बुलेटचे 1,612, पल्सर आणि स्प्लेंडरचे साधारण 843 प्रत्येकी. तीन गाड्यांचे मिळून कंपनीकडे गेले जेमतेम तेहतीसशे. बाकीचे साहेबांच्या खिशात.

ॲक्टिव्हाची तर पॉलिसीच निघाली नव्हती. तो नंबर कुठल्या तरी दुसऱ्याच स्कूटरचा. गंमत म्हणजे ती गाडी 2022 ची. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी घ्यावाच लागतो, त्यामुळे तिचा तो 2027 पर्यंत शिल्लकच होता. तिला फक्त ओडी लागणार होता, तो वेगळा मिळतो. त्याने नसलेल्या पॉलिसीचे, तेही नको असलेल्या भागाचे पैसे लावले! पीए कव्हरचंही तेच. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर माणसाला असतं, गाडीला नाही. माझ्या नावावर तीन गाड्या असल्या तरी ते एकदाच लागतं. त्याच्या हिशेबात ते चार वेळा होतं.

इतके महिने संशय कसा आला नाही, याचं उत्तर सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये आहे. तिथे कंपनी, पॉलिसी नंबर आणि मुदत दिसते. आत ओडी आहे की नाही, ते दिसत नाही. सात रस्त्याला हवालदाराने बुलेट तपासून सोडून दिली होती, कारण कायद्याला लागणारा थर्ड पार्टी खरोखरच होता. भामटा हुशार असा, की चलन होईल एवढं काही त्याने रिकामं ठेवलंच नाही.

बुलेटच्या दुरुस्तीचे अठ्ठावीस हजार मी भरले. त्याहून जास्त चटका नो क्लेम बोनसचा बसला. पल्सरवर पाच वर्षं क्लेम नव्हता, ओडीवर 50 टक्के सूट मिळत होती. ओडीची मुदत संपून 90 दिवस उलटले की ही सूट जाते. आता शून्यापासून सुरुवात, आणि त्याआधी गाडीची तपासणी.

तक्रार पोलिसांत दिली आहे. कंपनीने लिहून दिलं की पॉलिसीवरचा एजंट कोड तिसऱ्याच माणसाचा आहे. यूपीआयने पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, आमच्यासारखा उशीर झाला तर पैसे अडवता येत नाहीत. विमा कंपनीच दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, मग 155255 वर नियामकाच्या ‘विमा भरोसा’कडे तक्रार, आणि महिन्याभरात काही झालं नाही तर पुण्याचा विमा लोकपाल. एजंटाने आतापर्यंत दोन हजार परत केलेत, "बाकीचे गड्ड्याच्या जत्रेनंतर" म्हणतोय. कुठल्या वर्षीच्या जत्रेनंतर, ते विचारायचं राहिलं.

यंदा पैसे थेट कंपनीच्या साइटवर भरले आणि पॉलिसी आल्या आल्या क्यूआर स्कॅन केला. रोडसाइड असिस्टन्स बुलेट आणि पल्सरच्या पॉलिसीतच जोडून घेतला, तोही किती किलोमीटर टोइंग आणि वर्षातून किती वेळा, हे वाचून. ॲक्टिव्हाला नुसता ओडी. वडिलांची स्प्लेंडर सिद्धेश्वर मंदिर आणि भाजी मंडईच्या पलीकडे जात नाही, तिला थर्ड पार्टी पुरतो.