दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा? रोबोटच्या जमान्यात कुठला बरा

आधी एक आकडा बघा. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) 2024 च्या अहवालात 2022 साली आपल्याकडच्या पदवीधर तरुणांमधे बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांमधे 3.4. म्हणजे शिकू नका असं नाही, ज्याला घरी बसणं परवडतच नाही तो मिळेल ते काम धरतो, पण नुसती डिग्री काढली की लागली नोकरी हे डोक्यातून काढा.

खर्चात आयटीआय सरळ पुढे. सरकारी आयटीआयची फी किरकोळ, वेल्डर एका वर्षात, फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षात होतो. डिप्लोमा तीन वर्षांचा आणि खासगी पॉलिटेक्निक असेल तर बापाचा खिसा बघूनच ठरवा, शिवाय गणित कच्चं असेल तर पहिल्याच वर्षी विषय राहतात.

आता ऑटोमेशन. इथे आयटीआय-डिप्लोमापेक्षा ट्रेड, म्हणजे कुठलं काम शिकलात ते, जास्त मॅटर करतं हे कुणी सांगत नाही. मोठ्या कार कंपन्यांच्या बॉडीशॉपमधे, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडतात तिथे, स्पॉट वेल्डिंग रोबोटच करतात, पेंटिंगचं पण तसंच, त्यामुळे नुसतं लाईनवर उभं राहून पार्ट लावायचं काम असेल तर तुम्ही आयटीआयवाले असा नाहीतर डिप्लोमावाले, काही महिन्यांनी कंपनी ब्रेक देणार, म्हणजे कामावरून कमी करणार, आणि परत कंत्राटदाराकडे चकरा. चाकण-रांजणगावला रूम करून राहिलेल्या पोरांना विचारा. पण तोच रोबोट बंद पडला, सेन्सर गेला, न्यूमॅटिक (दाबाच्या हवेची) लाईन लीक झाली, की मेंटेनन्सवाला लागतोच, आणि तिथे चांगला इलेक्ट्रिशियन पण चालतो आणि डिप्लोमा इलेक्ट्रिकल पण. फरक एवढाच की पीएलसीचं (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) लॉजिक बदलायचं, प्रोग्राम टाकायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी डिप्लोमावाल्याला बोलावतात, आणि सुपरवायझर पण तोच होतो. हातात कला असून आयटीआयवाला तिथे अडकतो, मला हे पटत नाही पण आहे ते असं आहे.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत इलेक्ट्रिशियन, वायरमन ट्रेड चालतो, कनिष्ठ अभियंता व्हायचं तर डिप्लोमा हवाच. गंमत म्हणजे राज्याच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत दोघांनाही महिना 8,000 रुपयेच विद्यावेतन होतं, बारावीला 6,000.

माझं मत विचाराल तर घरी पैशाची ओढ असेल तर आयटीआय इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल-इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) घ्या, ॲप्रेंटिसशिप करा, नंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ॲप्रेंटिसशिपचा वेळ सोडून एक वर्ष जास्त जातं पण हात बसलेला असतो. घरचं बरं आहे आणि गणिताची भीती नाही तर सरळ डिप्लोमा, पुढे इंजिनिअरिंगलाही दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते. ॲडमिशनआधी मात्र लॅब बघून या, पीएलसीचं किट कपाटात कुलूप लावून ठेवलेलं दिसलं तर दुसरं कॉलेज बघा.