गुंठ्यात किती पिक्सेल? गावाच्या जमिनीचा नकाशा करताना उपग्रहाची निवड

पाणलोटाचा आराखडा असो, शेतकरी कंपनीचं पीकनियोजन असो की गायरानाचा हिशोब, गावात ‘डिजिटल नकाशा करून घेऊ’ असं ठरलं की पहिला प्रश्न चित्राचा येतो. अमेरिकेचा लँडसॅट, युरोपचा सेंटिनेल-2 आणि आपला रिसोर्ससॅट, तिन्हींची चित्रं फुकट मिळतात. चौथा पर्याय ड्रोनचा; तो कोटेशन घेऊन दारात उभाच असतो. मीटरचे आकडे वाचून फारसं काही कळत नाही. तेच गुंठ्यांत मोजले की बराच उलगडा होतो.

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101 चौरस मीटर. पिक्सेल म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन. सेंटिनेल-2 चा बारीक पिक्सेल 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. एकरात 40 पिक्सेल. लँडसॅट-8 आणि 9 चा 30 मीटरचा पिक्सेल नऊ गुंठे व्यापतो, एकरात जेमतेम साडेचार. रिसोर्ससॅटवर दोन कॅमेरे कामाचे आहेत: लिस-3 चा 23.5 मीटरचा पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचा, तर लिस-4 चे 5.8 मीटरचे तीन पिक्सेल एका गुंठ्यात बसतात.

पण हा हिशोब चौकोनी शेताचा. वाटण्या होऊन उभं चिरलेलं रान 20 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब असतं. क्षेत्र तेच, एकरभर. त्यात लँडसॅटचा एकही पिक्सेल पुरता मावत नाही. शेजाऱ्याचा ऊस, बांधावरची बाभूळ आणि तुमची ज्वारी यांची एकाच पिक्सेलमध्ये भेळ होते आणि संगणक पिकं ओळखतो तेव्हा तिला भलतंच नाव मिळतं. सेंटिनेलची निदान एखादी ओळ स्वच्छ निघते. म्हणून निवडीआधी शेतांची रुंदी बघा, सातबाऱ्यावरचं क्षेत्र नव्हे.

मग सरळ लिस-4 च का घेऊ नये? बांध, नाले, शेततळी, गावठाणाची कड आखायला तो सेंटिनेलपेक्षा सरस आहे यात वाद नाही. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर नोंदणी केली की चित्रं उतरवता येतात. पण त्याच्याकडे प्रकाशाचे तीनच पट्टे: हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त. माती आणि पिकातला ओलावा ओळखायला लागणारा लघुतरंग अवरक्त पट्टा त्यात नाही. सेंटिनेल-2 मध्ये एकूण 13 पट्टे आहेत, हा लघुतरंग पट्टाही त्यात येतो, 20 मीटरच्या पिक्सेलने का होईना. शिवाय सेंटिनेलची जोडी दर पाच दिवसांनी तीच जागा टिपते आणि एका फेरीत 290 किलोमीटर रुंदीचा भाग घेते. लिस-4 एका फेरीत 70 किलोमीटर रुंदीचाच भाग घेतो. हव्या त्या पंधरवड्याचं चित्र मिळेलच असं त्यात धरून चालता येत नाही. माझं मत विचाराल तर पाया सेंटिनेल-2 चा ठेवा आणि हद्दी आखायला लिस-4 चं एकच चांगलं चित्र सोबत घ्या.

लँडसॅट मग बाद? वर्तमानासाठी जवळपास बाद. पण ‘हे गायरान 30 वर्षांपूर्वी खरंच गायरान होतं का’, ‘कालवा आल्यावर किती रान बागायत झालं’ असल्या प्रश्नांना त्याच्याइतकं उत्तर कुणाकडे नाही. लँडसॅट-5 हा 1984 पासून जवळपास 29 वर्षं चालला. सेंटिनेल-2 चा पहिला उपग्रह गेला तोच 2015 मध्ये. फक्त मे 2003 नंतरची लँडसॅट-7 ची चित्रं टाळा. त्याचा एक भाग बिघडला आणि तेव्हापासून चित्रांत रिकाम्या पट्ट्या येतात.

उपग्रहापेक्षा तारीख चुकल्याने जास्त नकाशे फसतात. माती बघायला एप्रिल-मे उत्तम: रब्बी निघालेली असते, आभाळ मोकळं असतं, काळी, मुरमाड आणि चोपण वेगवेगळी दिसतात. कृष्णाकाठची क्षारांनी पांढरी पडलेली रानं याच दिवसांत चमकतात. मात्र एप्रिलमध्येच नाशिककडे द्राक्षाची खरड छाटणी झालेली असते, आणि बाग चित्रात मोकळ्या रानासारखी दिसते. डाळिंब ताणावर असताना पानगळ झालेली बागही अशीच ‘पडीक’ ठरते. नकाशा ग्रामसभेत लावला की बागायतदार चिडणारच. तेव्हा ऑक्टोबरअखेर, जानेवारी आणि मे अशा निदान तीन तारखा घ्या. खरिपात ढगांपुढे या साऱ्यांचा इलाज चालत नाही. तिथे ढगांच्या आरपार बघणारं सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार लागतं. साचलेल्या पाण्यावरून रडारची लहर परत येत नाही, त्यामुळे कोकणातली भातलावणी त्यात काळी उठून दिसते. कपाशीतल्या तुरीच्या ओळी मात्र त्यालाही वेगळ्या काढता येत नाहीत.

मातीची खोली यांपैकी कुणालाच दिसत नाही. वरून सारखंच काळं रान इथे वीतभर खोल असतं, पलीकडे पुरुषभर. तयार नकाशांवर भिस्त ठेवायची तर त्यांचं प्रमाण बघा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचे राज्यवार नकाशे 1:2,50,000 प्रमाणाचे आहेत. त्यावर सहा चौरस किलोमीटरचं शिवार एका चौरस सेंटिमीटरमध्ये उरतं. ब्युरोचं 1:10,000 चं काम तुमच्या भागात झालं असेल तर आधी तेच मागा. जगभराचा सॉइलग्रिड्स हा मातीचा नकाशा 250 मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांना एक आकडा, गावाला निरुपयोगी. उपग्रहाने वाचलेला पैसा खड्डे घेण्यात घाला. मेच्या चित्रातल्या छटा आणि उतार यांवरून शिवाराचे गट पाडा आणि प्रत्येक गटात मुरूम लागेपर्यंत खणा. नवी विहीर, शेततळ्याची कड, रस्त्याची खोदाई हे तर आयते छेद.

उताराचं म्हणाल तर कार्टोडेम किंवा एसआरटीएम हे उपग्रह-यानांवरून केलेले उंचीचे नकाशे, दोन्ही 30 मीटरचे, पाणलोटाची हद्द काढायला पुरतात. उंचीतली चूक काही मीटरपर्यंत जाते, त्यामुळे सलग समतल चर त्यांवरून आखू नयेत. थोडं क्षेत्र असेल तर हायड्रोमार्कर, म्हणजे समान पातळी शोधायचं साधं साधन, स्वस्तात काम भागवतो. मोठ्या क्षेत्राला ड्रोन हवा, तोही मेमध्ये. उभ्या पिकात तो जमीन नव्हे, पिकाचा शेंडा मोजतो.

आणखी एक फरक आधीच सांगून ठेवा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरच्या जमिनीच्या गटांच्या रेषा उपग्रहाच्या चित्रावर टाकल्या की पुष्कळदा सरकलेल्या दिसतात. मूळ मोजणी शंकू-साखळी आणि फलकयंत्र या जुन्या साधनांनी झालेली आहे. बांधाचा वाद त्यावरून कुणी काढला तर त्याला भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करायला सांगा.

ड्रोनवाल्याला काम दिलंच तर नुसत्या रंगीत चित्रावर पैसे चुकते करू नका. झाडं-घरं वगळून केलेलं भूपृष्ठाचं प्रतिमान (नुसत्या जमिनीच्या उंचीचा नकाशा), मूळ फोटो आणि जमिनीवर मोजलेल्या नियंत्रण बिंदूंची यादी, तिन्ही करारात लिहून घ्या.