घरच्या सरावासाठी एअर पिस्तूल आणि पेलेट: कशावर खर्च करावा, कशावर नाही

पिस्तूल घ्यायला निघालेला माणूस बहुधा दोनच प्रश्न विचारतो. कुठल्या कंपनीचं घेऊ आणि पेलेट, म्हणजे त्यातून सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या गोळ्या, कुठले वापरू? मी त्याला आधी हात पुढे करायला सांगतो. तळव्याची रुंदी, बोटांची लांबी, अंगठ्याखालची गादी किती भरलेली आहे, ते बघतो. १० मीटर एअर पिस्तूलच्या घरच्या सरावात सगळ्यात जास्त काम ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, करते. त्यानंतर ट्रिगर, मग हवा दाबण्याची पद्धत, आणि पेलेटचं माप अगदी शेवटी. चर्चा मात्र नेमकी उलट्या क्रमाने चालते, आणि त्यात नवख्या माणसाचे पैसे चुकीच्या जागी जातात.

असं मी का म्हणतो, ते जरा आकड्यांत बघा. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. पेलेट ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटर सरकला तरी चालतं. आता हात हलतो, तो दोन प्रकारे. अख्खा हात पिस्तुलासकट समांतर ८ मिलिमीटर सरकला, तर पेलेटही तेवढाच सरकेल आणि दहा टिकतील. पण मनगट वळलं आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) रिअर साइटच्या (डोळ्याकडच्या पट्टीच्या) खाचेत एका बाजूला गेली, तर हिशेब पार बदलतो. दोन साइटमधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर धरा. १० मीटर म्हणजे त्याच्या २८ पटींहून थोडं जास्त. फ्रंट साइट ०.२८ मिलिमीटर सरकली की तिकडे ८ मिलिमीटर गेले. नखाच्या जाडीइतकंही नाही हे अंतर. त्याच्या दुप्पट चुकलात की सरळ नऊवर, नशीब नसेल तर आठच्या रेषेजवळ.

हे पाव मिलिमीटर सांभाळते ती ग्रिप. हात उचलल्यावर साइट आपोआप सरळ रेषेत येत असतील तर डोळ्याला फक्त राखायचं काम उरतं. येत नसतील तर प्रत्येक शॉटला मनगट पिळून त्या जुळवाव्या लागतात, आणि ट्रिगर दाबताना मनगट मूळ जागी परत जातं. माझी पहिली ग्रिप एक माप मोठी होती. रिकामी जागा भरून काढायला मी करंगळी आवळायचो आणि शॉट डावीकडे खाली जायचे. आठ महिने मी पेलेट बदलत बसलो. शेवटी एका जुन्या नेमबाजाने माझा हात धरून डोळे मिटायला सांगितले, पिस्तूल उचलायला लावलं, डोळे उघडायला लावले. फ्रंट साइट खाचेच्या डाव्या भिंतीला टेकलेली होती. त्या संध्याकाळी लाकडावर पुट्टी लावली, ओल्या पुट्टीत हात दाबून ठसा घेतला, वाळल्यावर सँडपेपर मारला. तीन आठवडे रोज थोडं घासणं, थोडं भरणं चाललं होतं.

ही डोळे मिटायची कसोटी विकत घेण्याआधी करा. दहा वेळा उचला. दहापैकी सात-आठ वेळा साइट जवळपास सरळ दिसल्या तर माप बरोबर आहे, उरलेलं घासून होईल. लहान ग्रिप भरता येते, मोठी कोरता येते, पण दोन मापांचा फरक असेल तर त्या लाकडाच्या नादी लागू नका. तळव्याखालची फळी वरखाली सरकणारी हवी. आणि ग्रिप मनगटाला आधार देणारी नको. स्पर्धेच्या नियमात ते चालत नाही. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, हेही ग्रिप भरताना लक्षात असू द्या.

हवा दाबण्याचे चार प्रकार

स्प्रिंगचं पिस्तूल सगळ्यात सोपं वाटतं. नळी मोडायची, पेलेट घालायचा, मारायचा. अडचण अशी की ट्रिगर सुटल्यावर आतलं पिस्टन पुढे धावतं, आपटतं, आणि पेलेट नळीत असतानाच पिस्तूल हलतं. ते सांभाळायला शिकता येतं, पण मॅच पिस्तुलाची, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची, सवय लावायची असेल तर ही सवय पुढे मोडावी लागते. फाइनवेर्कबाउ ६५ सारख्या जुन्या पिस्तुलांत वरचा सगळा भाग रुळावर मागे सरकून धक्का खातो. ती गोष्ट वेगळी, आणि चांगल्या अवस्थेत मिळालं तर ते पिस्तूल आजही सुंदर चालतं. साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलात मात्र आणखी एक मोठी उणीव आहे: पेलेट न घालता ट्रिगर दाबायचा नाही. पिस्टनपुढे हवेची गादी नसते आणि सील खराब होतं. घरी सराव करणाऱ्यासाठी ही उणीव निर्णायक आहे. का, ते पुढे सांगतो.

सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या, पिस्तुलांना फार शब्द देत नाही. एके काळी स्पर्धांमध्ये हीच होती. पण त्या वायूचा दाब तापमानावर चालतो. २० अंशांना साधारण ५७ बार (बार हे दाबाचं एकक), थंडीत कमी, उन्हात जास्त. भराभर शॉट मारले तरी सिलिंडर गार पडतो आणि वेग उतरतो. चांगलं जुनं पिस्तूल हाती आलं आणि वायू भरायची सोय असेल तर वापरा, मुद्दाम शोधायला जाऊ नका.

खरी निवड उरते ती दोघांत: एका स्ट्रोकचं पिस्तूल आणि दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचं.

एका स्ट्रोकच्या पिस्तुलात प्रत्येक शॉटआधी लिव्हर पूर्ण उघडून मिटायचा. तेवढ्या एका दाबावर शॉट जातो. बायकाल ४६एम हे यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव, आणि फाइनवेर्कबाउ १०३ त्याच्या बरंच वरच्या दर्जाचं. दर वेळी तेवढीच हवा दाबली जात असल्याने वेग फार सारखा राहतो. सिलिंडर नाही, पंप नाही, भरायला कुठे जायचं नाही. एखाद्या गावात हवा भरायची काही सोयच नसेल तर हा प्रश्न इथेच सुटला. धक्काही जवळजवळ नाही. पण लिव्हर मिटायला जोर लागतो. पूर्ण मॅच ६० शॉटची, त्याआधी सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे, गुणांत न धरले जाणारे शॉट. म्हणजे ऐंशीएक वेळा तोच जोर. मोठ्या माणसालाही चाळिसाव्या शॉटनंतर खांदा जाणवतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो लिव्हर मिटायला पिस्तूल पोटाशी धरतो, दर शॉटला पकड सुटते, आणि पकड पुन्हा नव्याने बसवावी लागते. नेमकी तीच गोष्ट त्याला अजून येत नसते.

सिलिंडरच्या पिस्तुलात हवा आधीच साधारण २०० बारला भरलेली असते. स्टायर एलपी १०, मोरिनी १६२, वॉल्थर एलपी ५००, पार्दिनी के १२ ही सगळी याच घराण्यातली. रेग्युलेटर दर शॉटला मोजून हवा सोडतो, हाताला काही कष्ट नाहीत, आणि एका भरणीत दीडशेच्या आसपास शॉट होतात. मारून झाल्यावर पकड न सोडता हात खाली टेकवता येतो. नियमित सराव करणार असाल, आठवड्यातून चार दिवस तरी, तर हेच घ्या. सिलिंडर भरायला मोठी टाकी किंवा हातपंप लागतो. हातपंपाने भरताना पंप तापतो आणि हवेतली ओल आत जाते, म्हणून थोडा वेळ मारून थांबायचं, पंप निवू द्यायचा, ओल काढायचा स्क्रू उघडायचा. आत फक्त हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही. तेल किंवा ग्रीसशी त्याची दाबाखाली गाठ पडली तर स्फोट होतो.

आता ड्राय फायरिंग. घरचा सराव म्हणजे मुख्यतः हेच, पेलेटशिवाय, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. हात उचला, साइट बघा, ट्रिगर दाबा, आणि ट्रिगर सुटताना फ्रंट साइट हलली का ते पाहा. टार्गेट नसल्याने डोळा साइटवरच राहतो. मी पाच दिवसांपैकी तीन दिवस एकही पेलेट उडवत नाही. त्यामुळे पिस्तूल निवडताना हा प्रश्न आधी विचारा: ड्राय कसं करायचं? बऱ्याच मॅच पिस्तुलांत त्यासाठी छोटी कळ असते, हवा न सुटता ट्रिगर खऱ्यासारखा तुटतो. बायकालमध्ये लिव्हर न मारता नुसतं लोडिंगचं झाकण उघडून ट्रिगर चढवता येतो. साध्या स्प्रिंगवाल्यात ही सोयच नाही, म्हणून ते माझ्या यादीतून बाहेर.

ट्रिगरबद्दल थोडक्यात. नियमाने किमान ५०० ग्रॅम वजन उचललं पाहिजे. दोन टप्प्यांचा हवा: पहिला मऊ, मग भिंत लागते, मग काचेची काडी मोडावी तसा तुटतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार स्वच्छ तुटतो, पण बॅटरीवर चालतो आणि आत काही बिघडलं तर घरी दुरुस्त होत नाही. मेकॅनिकल ट्रिगर चांगला लावलेला असेल तर नवख्याला फरक कळत नाही. माझा कौल मेकॅनिकलला.

पेलेट

मॅचचे पेलेट सपाट डोक्याचे असतात, म्हणजे कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण वाचता येतात. टोकदार किंवा गोल डोक्याचे शिकारी पेलेट कागद फाडतात. ते नकोत. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं डब्यावर लिहिलेलं असतं. वजनात पिस्तुलासाठी हलके, साधारण ०.४५ ते ०.५० ग्रॅम, आणि रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपास. आरडब्ल्यूएस आर १० मध्ये ही दोन्ही वजनं मिळतात. एच अँड एनचे फिनाले मॅच हे तितक्याच भरवशाचे.

माप कुठलं घ्यावं हे कागदावर ठरत नाही. पिस्तूल शिकंज्यात आवळून त्याच बॅचचे दहा-दहा पेलेट मारायचे आणि भोकं किती जवळ पडतात ते मोजायचं. शिकंज्याशिवाय, हाताने मारून पेलेटची तुलना करू नका. हाताचा फैलाव एवढा मोठा असतो की तुम्ही पेलेट मोजत नसता, त्या दिवशीचा स्वतःचा मूड मोजत असता. आणि ज्याची सरासरी अजून नऊच्या खाली आहे, त्याने बॅच तपासायच्या फंदात पडूच नये. एक मध्यम दर्जाचा मॅच पेलेट घ्यावा, ४.५० मापाचा, आणि वर्षभर तोच वापरावा. महागडे पेलेट स्पर्धेच्या दिवसासाठी.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करावी. डबा उघडल्यावर पेलेट तळहातावर घेऊन त्यांची शेपटी, म्हणजे मागची पोकळ बाजू, बघा. शिसं मऊ असतं, डबा एकदा पडला तरी शेपटीची कड चेपते. भिंगातून पाहिलं तर कडेला बारीक वाकलेला चंद्र दिसतो. असा पेलेट बाजूला काढा. तो नळीत नीट बसत नाही, हवा एका बाजूने आधी सुटते आणि शॉट भरकटतो. जमिनीवर पडलेला पेलेट उचलून पुन्हा घालायचा नाही, हाही नियम करा.

शिशाचा विषय निघालाच आहे तर: सराव झाला की हात साबणाने धुवायचे, त्या खोलीत खायचं नाही, जमीन कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. घरात लहान मूल असेल तर पेलेट आणि पिस्तूल दोन्ही कुलपात.

जागा

बहुतेक घरांत १० मीटर मिळत नाहीत. ५ मीटर असतील तर टार्गेट अर्ध्या मापाचं छापा: काळा गोल मूळ ५९.५ मिलिमीटरचा, तो ३० च्या जवळ येईल. बरेच जण इथवर येतात आणि टार्गेट मूळ उंचीवरच लावतात. मूळ उंची जमिनीपासून १.४० मीटर. समजा तुमचा डोळा १.६० वर आहे. १० मीटरवर डोळ्यापासून टार्गेट २० सेंटिमीटर खाली असतं, तर ५ मीटरवर ते १० सेंटिमीटरच खाली हवं, म्हणजे १.५० वर. तसं नाही केलं तर हात खऱ्यापेक्षा खाली थांबायची सवय लागते.

टार्गेटवर दिवा भरपूर हवा, १५०० लक्सच्या वर. मागे शिसं अडवणारी पेटी, आत तिरकी पोलादी पट्टी, म्हणजे पेलेट खाली घरंगळतो. सपाट पत्र्यावरून तुकडे मागे उडतात. चष्मा लावा, आणि पेटीच्या मागची भिंत अशी निवडा की तिथे दार नाही, खिडकी नाही.

आता थेट कौल. हवा भरायची सोय नाही आणि अंगात जोर आहे: एका स्ट्रोकचं. मूल शिकणार आहे किंवा मॅच खेळायची आहे: सिलिंडरचं, आणि पैसे कमी पडले तर नवीन हलक्या दर्जाचं घेण्याऐवजी जुनं चांगलं घ्या. जुनं घेताना नळीकडे टक लावून बसू नका, मॅच पिस्तुलाची नळी शिशाने सहजी झिजत नाही. रात्रभर भरलेलं ठेवून सकाळी गेजचा काटा उतरलाय का ते बघा, ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लावून उचला, आणि सगळ्यात आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर फुकट समजा आणि नव्या सिलिंडरची किंमत त्या व्यवहारातून वजा करून मगच बोलणी करा.