वेदीमागच्या चित्रासाठी मरीन प्लाय आणि ॲक्रिलिक : एका पावसाळ्यानंतर

वसई असो की वेंगुर्ला, किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये वेदीमागे चित्र लावायचे तर रंग कोणत्या कंपनीचा हा प्रश्न नंतरचा. आधी चित्राची पाठ बघावी. मरीन प्लायवर (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडवर) ॲक्रिलिक रंगाने केलेली चित्रे पावसाळा काढून आता थंडीत आली आहेत. जिथे काही बिघडले, तिथे ते मागून किंवा कडेने सुरू झाले. रंगाच्या थरातून नाही.

प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचा, १२ मिमी. चार बाय तीन फुटांपेक्षा मोठ्या चित्राला मागून सागाची चौकट हवीच. कापलेल्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून त्यांना इपॉक्सीचे दोन हात. पाठीलाही समोरच्याइतकेच सील करायचे. नुसती पुढची बाजू बंद केली तर पाठ ओल ओढते आणि फळी वाकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ ग्रेडचे. साध्या लोखंडी खिळ्याचा गंज खाऱ्या हवेत जेसोतून, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तरातून, वर येतो आणि चित्रातल्या पांढऱ्या झग्यावर तपकिरी ठिपका उमटतो. जांभ्याच्या भिंतीला चित्र टेकवू नये. मागे लाकडी ठोकळे लावून पाऊण इंच हवा खेळू द्यावी, नाहीतर पाठीवर बुरशी धरते.

समोर आधी पारदर्शक ॲक्रिलिक मीडियमचे (रंगद्रव्य नसलेल्या ॲक्रिलिकचे) दोन हात. थेट जेसो लावला तर लाकडातला पिवळट रंग पाण्याबरोबर वर चढतो. मग जेसोचे चार पातळ हात, एक आडवा, एक उभा, मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर. जुलैत दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्यावा. वरून सुकलेला जेसो आत ओलाच असतो, पेपर मारताना गोळ्या निघतात.

रंगांबद्दल तक्रार नाही. एप्रिलमध्ये ब्रश उचलेपर्यंत थर सुकतो, गालावरची सावली मिसळता येत नाही. पावसात तोच रंग वेळ देतो. म्हणून चेहरे आणि हात पावसाळ्यात, पार्श्वभूमी उन्हाळ्यात. नळीवरचे नाव वाचू नये, रंगद्रव्याचा कोड वाचावा. मरियेच्या निळ्या शालीला पीबी २९ (अल्ट्रामरीन), तांबड्यासाठी पीव्ही १९ (क्विनाक्रिडोन). दोन्ही उजेडात टिकतात.

खरी निराशा वरखाची. तेजोवलयासाठी मिळणारा स्वस्त सोनेरी वरख म्हणजे पितळ, अर्थात तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. समुद्राच्या हवेतल्या क्षाराने तो कडेपासून हिरवट-काळा पडतो, वार्निशखालीसुद्धा. एक फूट व्यासाच्या वलयाला खऱ्या सोन्याचे, ८० मिमी चौकोनी, साधारण १५ वरख लागतात. २५ वरखांच्या एका पुस्तकात काम भागते. तेवढा खर्च करावा, किंवा वरख सोडून पिवळा ओकर वापरावा. वेदीवर काळवंडलेले तेजोवलय बघवत नाही.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रूसावर भाल्यांनी भोसकले गेले, १८६२ मध्ये संत घोषित झाले. त्यांच्या चित्रात क्रूस आणि भाले येतात. भाल्यांच्या पात्यांना चांदीचा वरख लावायचा मोह होतो, पण तो काळा पडतो. निळसर राखाडी रंग आणि कडेला एक पांढरी रेघ, एवढ्याने शेवटच्या बाकावरूनही पाते ओळखू येते.

वार्निश दिवाळीनंतरच, कोरड्या दुपारी. दमट हवेत मारले तर दुधी पडदा येतो. मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळणारे, पुढे काढता येईल असे घ्यावे, आणि त्याखाली ॲक्रिलिक मीडियमचा एक हात असू द्यावा म्हणजे वार्निश काढताना रंग निघत नाही. वार्निश नसलेले ॲक्रिलिक उन्हाळ्यात मऊ पडते आणि मेणबत्तीची काजळी धरून ठेवते. मेणबत्त्या निदान तीन फूट पुढे असाव्यात.

सणाच्या आधी साफसफाई करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी : काच पुसायचा स्प्रे किंवा सॅनिटायझर चित्राला लावायचा नाही, अल्कोहोलने ॲक्रिलिक विरघळते. कोरडा मऊ ब्रश पुरतो. आणि हार चौकटीवर न टांगता वेगळ्या हुकाला, चित्रापासून चार बोटे पुढे.