नुसबाउमर गेवुर्ट्सट्रामिनर: वास गोड पण वाईन ड्राय

उत्तर इटलीत साउथ टिरोलमधे ट्रामिन नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी वायनरी कँटिना ट्रामिन, 1898 पासूनची. त्यांची ही नुसबाउमर नावाची वाईन मला जाम आवडते आणि गेवुर्ट्सट्रामिनर (थोडक्यात गेवुर्ट्स) ह्या द्राक्षाची वाईन म्हणजे गोडमिट्ट असं ज्यांनी ठरवूनच टाकलंय त्यांनी तर ही घ्याच.

ग्लास नाकाशी नेला की लिची आणि गुलाब, मागून थोडं आलं. लिचीचा वास हा भास नाही बरं का, रोझ ऑक्साईड नावाचं जे द्रव्य लिचीत असतं तेच ह्या द्राक्षातही असतं. एवढा गोड वास आल्यावर जीभ साखरेची वाट बघते आणि घोट मात्र जवळपास ड्राय म्हणजे फारशी साखर नसलेला, जाडसर, जरासा तेलकट म्हणावा असा, शेवटी हलका कडसरपणा. तो कडसरपणाच मला सगळ्यात भारी वाटतो, त्याच्यामुळे पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

द्राक्षाची साल गुलाबी, पिकली की तांबूस होते, पण वाईन सोनेरी. वास पूर्ण भरायला द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवावं लागतं, तोवर साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो, म्हणून अल्कोहोल बऱ्याचदा 14 टक्क्यांच्या आसपास जातं. इथले मळे डोंगरउतारावर, रात्री गार पडतं म्हणून थोडा आंबटपणा टिकतो.

बाय द वे नाशिकच्या सोव्हिन्यॉन ब्लांक आणि शेनिन ब्लांक ह्या व्हाईट वाईन पिणाऱ्यांनो, ही तुमच्या घरातलीच आहे. गेवुर्ट्स म्हणजे सावान्यां ह्या द्राक्षाच्या जुन्या जातीचंच गुलाबी आणि जास्त सुगंधी रूप, आणि डीएनए तपासणीनुसार त्या दोन्ही सावान्यांच्याच लेकी. फ्रान्सच्या ज्युरा भागात पांढऱ्या सावान्यांची व्हॅं जोन नावाची वाईन बनते, पिंपात सहा वर्षांहून जास्त मुरवलेली, चव अक्रोडासारखी, गुलाबाचा मागमूस नाही.

नुसबाउमरसोबत कोलंबीचं नारळाच्या रसातलं कालवण करा, पण तिखट बेतानेच, एवढ्या अल्कोहोलने मिरची जास्त झोंबते. बाटली फ्रीजमधून काढली की थोडा वेळ बाहेर ठेवा, 10-12 डिग्रीला वास नीट खुलतो. किंमत जास्त आहे, रोजची नाही. फ्रान्सच्या अल्सास भागातली गेवुर्ट्स घेणार असाल तर लेबल वाचा, व्हांदांज तार्दिव्ह लिहिलेली उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, बहुतेक गोडच निघते, आणि ड्राय हवी असेल तर सेक लिहिलेली उचला.